परसातली भिंत पडली, आता बांधायला कुणाला सांगू? तीन कोटेशनं आलीत

बोरीचं_परस

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता येणार नाही म्हणून लिहितो.

आमचं घर गोव्यात बोरीला, उतारावर. घरामागे परस आणि परसाच्या खालच्या कडेला शेजारच्या काकींचं अंगण, दोन्हींच्या उंचीत साधारण दीड मीटरचा फरक. मध्ये आजोबांच्या वेळचा गडगा होता, नुसते चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, एकावर एक रचलेले, मध्ये चुना नाही की सिमेंट नाही, १८ मीटर लांब. जुलैत सलग तीन दिवस पाऊस लागला तेव्हा रात्री दोनच्या सुमारास मधला सात-आठ मीटरचा भाग आडवा झाला, चिरे आणि लाल चिखल थेट काकींच्या अंगणात. रात्र होती म्हणून बाहेर कुणी नव्हतं. दिवसा त्यांचा नातू तिथेच खेळत असतो, ते आठवलं की अजून झोप लागत नाही.

गडगा पन्नास-साठ वर्षं हलला नव्हता. चार वर्षांपूर्वी आईच्या साठीला घर रंगवलं तेव्हा बरा दिसावा म्हणून त्याच्या फटी सिमेंटने भरून दर्शनी बाजूने गिलावाही करून घेतला होता, म्हणजे उलट जास्त मजबूत केला होता, तरी पडला.

आता तीन कोटेशनं आलीत. पहिला म्हणतो ९५ हजार, सगळं धरून, आणि चवथ, म्हणजे गणपती, झाली की लगेच सुरू करतो. कागदावर एकच ओळ आहे, चिऱ्याची कंपाऊंड वॉल अमुक मीटर. दुसरा १ लाख ७० हजार, चिऱ्याचीच पण दोन्ही बाजूंनी प्लास्टर आणि रंग. तिसरा २ लाख ८० हजार, पूर्ण आरसीसी. एक म्हातारे गवंडी मेस्तही येऊन गेले, पण ते नुसते परसात फिरले, घराच्या पागोळ्यांचं पाणी कुठे जातं, वरच्या बाजूला कुणाची बाग आहे, पावसात परसात पाणी साचतं का असं विचारत बसले आणि मी मजुरीवर काम करतो, माल तुमचा, रेट नंतर सांगतो म्हणून गेले. कागद काही दिला नाही म्हणून त्यांना मी पुन्हा फोन केला नाही.

परस म्हणजे आईचा जीव. अबोली, अनंत, भिरंडीचं (कोकमाचं) एक झाड, कडेने हळद लावलेली, पातोळ्यांना पानं तिथूनच आणि माटोळीचं, म्हणजे चवथीला गणपतीवर बांधतात त्या फळापानांच्या सजावटीचं, निम्मं सामानही. यंदा हळदीचा अर्धा वाफा चिऱ्यांखाली गेला. तिघांपैकी कुणाला काम द्यावं आणि माणूस निवडताना नेमकं काय बघायचं?

सिव्हिल_डिचोली

बोरीबाब, कोटेशनचं नंतर बोलू. आधी आज-उद्यात दोन कामं करा. जिथे भिंत पडलीय तिथे मातीची उघडी कड असणार, तिच्यावर ताडपत्री टाका आणि वरच्या बाजूने दगड ठेवून दाबा. आणि छपराचं जे पाणी परसात उतरतं ते पाईप लावून दुसरीकडे वळवा. पाऊस अजून महिनाभर आहे. उरलेला गडगाही त्याच पाण्यात उभा आहे, तेव्हा काकींना सांगा की त्या कडेला पोराला जाऊ देऊ नका.

आता भिंतीचं. पहिल्याच्या कागदावर कंपाऊंड वॉल लिहिलंय, पण ही कंपाऊंड वॉल नाहीच. कंपाऊंड वॉलच्या दोन्ही बाजूंना जमीन एका पातळीत असते, तिला फक्त स्वतःचं वजन आणि वारा सोसायचा असतो. तुमच्या भिंतीमागे दीड मीटर माती आहे, ती रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत. दोन्हींचा पाया वेगळा, जाडी वेगळी, हिशोबच वेगळा.

आणि गडगा का पडला ते तुम्हीच लिहिलंय. रचलेल्या गडग्याला हजार फटी असतात, मागचं पाणी त्यातून झिरपून जातं, म्हणून तो साठ वर्षं उभा राहिला. चार वर्षांपूर्वी त्या फटी सिमेंटने बंद झाल्या. पाणी मागे कोंडलं. कोंडलेल्या पाण्याचा जोर किती असतो बघा, दीड मीटर उंच पाणी भिंतीच्या एका मीटर लांबीवर साधारण सव्वा अकराशे किलोने ढकलतं, मातीचा रेटा आणखी वेगळा. म्हणजे तुमच्या १८ मीटरला नुसत्या पाण्याचे वीस टन. रचलेल्या चिऱ्यांनी ते सोसावं अशी अपेक्षाच करता येत नाही. शिवाय चिरा भिजला की त्याची ताकद बरीच कमी होते. तुमचा दोष नाही यात, गिलावा करणाऱ्याने तेव्हा सांगायला हवं होतं.

म्हणून तिन्ही कागद पुन्हा काढा आणि एकच गोष्ट शोधा, भिंतीमागचं पाणी बाहेर कसं काढणार हे कुणी लिहिलंय का?

बोरीचं_परस

आत्ता तिन्ही बघितले. कुणीच नाही लिहिलेलं. आरसीसीवाल्याच्या कागदात पण नाही. आणि गिलाव्याचं वाचून सुन्न झालो, आईला अजून सांगितलं नाही.

म्हापशेकर_७

माझं मत सरळ आहे, २ लाख ८० द्या आणि आरसीसी करून टाका. चिऱ्याची भिंत आज ना उद्या पडणारच, शेजाऱ्याच्या पोराचा प्रश्न आहे तिथे पैसे बघू नयेत. आमच्याकडे सहा वर्षं झाली, एक तडा नाही.

सिव्हिल_डिचोली

म्हापशेकर, आरसीसी वाईट नाही, जागा कमी असेल किंवा उंची अडीच-तीन मीटर असेल तर मीही तेच सांगेन. पण पाण्याला वाट नसली तर आरसीसीही फुगते, झुकते. तुमच्या भिंतीला खालच्या बाजूला पाईपची तोंडं असतील बघा, पावसात त्यातून पाणी येतं ना?

म्हापशेकर_७

हो आहेत. दीड-दोन मीटरवर एक. मला वाटायचं ती उगाच ठेवलीत, दोन तर मी गेल्या वर्षी उंदीर येतात म्हणून बुजवली.

सिव्हिल_डिचोली

ती उद्याच मोकळी करा, तोंडाला जाळी लावा म्हणजे उंदीर येणार नाहीत.

बोरीबाब, दीड मीटरला चिऱ्याची वजनदार भिंत चालते, नीट बांधली तर. ढोबळ माप असं की तळाशी जाडी उंचीच्या निम्मी किंवा थोडी जास्त, म्हणजे ७५ ते ८० सेंटिमीटर, वर येता येता ४० पर्यंत कमी, आणि दर्शनी बाजू मागे मातीकडे किंचित कललेली. पाया पक्की जमीन लागेपर्यंत, भराव मातीत कधीच नाही. आता हिशोब करा, सरासरी ६० सेंटिमीटर धरली तर पाया सोडून १६ घनमीटर चिऱ्याचं काम होतं. ९५ हजारवाल्याने एका चिऱ्याची, म्हणजे २०-२३ सेंटिमीटरची भिंत धरली असणार, त्यात जेमतेम सहा घनमीटर काम आहे. तो स्वस्त नाहीये, तो वेगळीच वस्तू विकतोय. त्याला फोन करून तळाची जाडी किती एवढंच विचारा.

भिंतीमागे निदान ३० सेंटिमीटर रुंद खडीचा किंवा फोडलेल्या दगडाचा पट्टा हवा, तळापासून जवळजवळ वरपर्यंत, आणि माती व खडीच्या मध्ये जिओटेक्स्टाईल कापड, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं, नाहीतर दोन पावसाळ्यांत आपली लाल माती खडीत शिरून सगळं चोंदून जातं. शेडनेट लावू म्हणतात काही जण, ते नको. भिंतीत ७५ किंवा १०० एमएमचे पाईप, बाहेर उतार देऊन, सगळ्यात खालची ओळ बाहेरच्या जमिनीच्या जरा वर. वर परसाच्या कडेला एक उथळ गटार म्हणजे वरचं पाणी मागे मुरायच्या आधीच बाजूला जाईल. भराव घालताना पाऊण-एक वीत थर आणि प्रत्येक थरावर धुम्मस. ट्रकने एकदम ओतून वरून पाणी मारून बसवतो म्हणाला तर थांबवा.

एक महत्त्वाचं राहिलं. पाया खणताना सगळे १८ मीटर एकदम उघडायचे नाहीत. दोन-तीन मीटरचा तुकडा खणा, बांधा, मग एक सोडून पुढचा. मागे दीड मीटर ओली माती उभी असते आणि खाली माणसं वाकून काम करतात. म्हणूनच चवथीनंतर लगेच सुरू करतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. दिवाळीनंतर, जमीन सुकल्यावर.

केप्याची_वहिनी

मी इंजिनीअर नाही पण दोन वर्षांपूर्वी ह्यातून गेलेय म्हणून लिहिते, जे माझं झालं ते तुमचं होऊ नये.

आमच्या कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) वरच्या अंगाला भिंत बांधायची होती, एका काँट्रॅक्टरला दिलं, नाव नाही घेत, माणूस गोड बोलणारा, त्याने मे महिन्याच्या सुरुवातीला निम्मे पैसे अ‍ॅडव्हान्स घेतले, जेसीबी आणून एका दिवसात सगळा चर खणून टाकला आणि मग बारा दिवस गायब, फोन केला की माणसं गावाला गेलीत, उद्या येतात, परवा येतात. त्यात वळवाचा पाऊस पडला आणि चर पाण्याने भरला, वरची कड ढासळली आणि त्याबरोबर आमच्या दोन पोफळी गेल्या. नंतर आले तर चिखलातच पाया घातला, मी म्हटलं हा चिखल काढा तर म्हणे वहिनी सिमेंट सगळं धरून ठेवतं. पैसे आधीच गेलेले त्यामुळे माझ्या शब्दाला वजनच नव्हतं. ती भिंत पहिल्याच पावसाळ्यात पुढे झुकली, आम्ही ती काढून पुन्हा बांधली.

दुसऱ्यांदा आम्ही काय केलं ते सांगते. एक इंजिनीअर गाठला, त्याने एका पानावर आडवा छेद काढून दिला, पाया किती, जाडी किती, पाईप कुठे, खडी किती, आणि पाया उघडल्यावर एकदा व भिंत अर्धी झाल्यावर एकदा येऊन बघायचं ठरलं, त्याची फी वेगळी दिली आणि त्या पैशाचं मला जराही वाईट वाटत नाही. मग तेच एक पान तीन जणांना दाखवून रेट मागितले. आधी तिघं तीन वेगळ्या भिंतींचे रेट सांगत होते त्यामुळे कुणाला महाग म्हणावं आणि कुणाला स्वस्त तेच कळत नव्हतं, बोरीबाब तुमचंही आत्ता तसंच झालंय. आणि माप कशात ते नीट बघा. आपण गोव्यात सगळं मीटरमध्ये बोलतो, बाहेरून आलेले गवंडी फुटात बोलतात, आमच्या एका कोटेशनमध्ये उंची पाच लिहिली होती, पाच काय ते लिहिलंच नव्हतं. चौरस मीटरचा रेट आणि घनमीटरचा रेट यातही फसायला होतं, जाड भिंतीला घनमीटरच हवा.

पैशाचं असं ठेवलं की सुरुवातीला दहा टक्के, पाया जमिनीच्या वर आला आणि इंजिनीअरने बघितला की पुढचे, अर्ध्या उंचीला पुढचे, भराव आणि खडी पूर्ण झाल्यावर पुढचे, आणि शेवटचे दहा टक्के पुढच्या पावसाळ्यातला जुलै उलटल्यावर. शेवटच्या अटीला दोघांनी सरळ नाही म्हटलं. तिसरा म्हणाला चालेल, फक्त लिहून द्या की कधी देणार. त्यालाच काम दिलं.

आणि फोटो काढा. जे जे मातीखाली जाणार त्याचा रोज फोटो, बाजूला टेप धरून. पाया, मागची खडी, कापड, पाईपची मागची तोंडं, कारण भिंत उभी राहिल्यावर समोरून चांगली आणि वाईट सारखीच दिसते. माल स्वतः आणलात तर सिमेंटच्या गोणीवरचा महिना बघून घ्या, पावसाळाभर दुकानात पडून राहिलेली, हाताला गुठळ्या लागणारी गोणी परत पाठवा. रेती खाडीची नको, जिभेवर किंचित ठेवून बघा, खारट लागली तर परत.

कामाला आलेल्या माणसांना सावली, प्यायचं पाणी आणि बाथरूमची सोय तुमच्याकडून असू दे. आमच्याकडे आलेल्या एका जोडप्याचं लहान मूल चराच्या काठावर खेळत होतं, मी ते घरात आणून ठेवायची. कुणाला काही लागलं तर औषधपाण्याचं कोण बघणार हेही कागदावर आधी ठरवून घ्या.

बोरीचं_परस

वहिनी, एवढं लिहिलंत, देव बरें करूं. सगळं मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवलंय.

एक शंका. भिंतीला पाईप ठेवले तर ते पाणी पडणार काकींच्या अंगणात. आधीच त्यांच्याकडे एवढा चिखल गेला, आता वरून पाणी सोडतो म्हणून कसं सांगू?

पेडण्याचा_गडगा

पाणी आधीही त्यांच्याच अंगणात जात होतं, साठ वर्षं, फक्त झिरपत जायचं म्हणून कुणाला दिसलं नाही. पण ते आता पाईपने एका जागी येणार हे खरं. उपाय असा की भिंत तुमच्या हद्दीत थोडी आत घ्या, एक-दीड फूट, आणि तळाशी बाहेरून तुमच्याच जागेत गटार काढून ते व्हाळाकडे (ओढ्याकडे) किंवा रस्त्याच्या गटाराला न्या. थोडी जागा जाते, जीवाला लागतं, पण पुढच्या पिढीत भांडण राहत नाही. आणि काम सुरू व्हायच्या आधी काकींकडे जाऊन बसा, कागद दाखवा. निरोप पाठवू नका, स्वतः जा.

माझं दुसरं म्हणणं असं की एकच दीड मीटरची भिंत हवीच कशाला? मध्ये जागा असेल तर पाऊण-पाऊण मीटरच्या दोन पायऱ्या करा. आमच्या पेडण्याकडे डोंगरउतारावरच्या बागायती अशाच आहेत, गडगा, मग सपाट पट्टा, मग पुन्हा गडगा. उंची निम्मी झाली की रेटा निम्मा नाही, चौथा हिस्सा होतो, डिचोलीचे इंजिनीअर सांगतील बरोबर की चूक. मधल्या पट्ट्यात हळद, अबोली, गवती चहा लावा, मुळं माती धरतात. रचलेला गडगा बांधणारी जुनी माणसं अजून आहेत. मोठा चिरा आडवा आत घालून भिंत मागच्या मातीत गुंतवायची आणि उभा सांधा उभ्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, ही कला आहे, नुसते चिरे ठेवत गेलं की गडगा होत नाही.

सिव्हिल_डिचोली

बरोबर आहे, चौथा हिस्सा. फक्त दोन भिंतींत पुरेसं अंतर हवं, वरची खालचीच्या खांद्यावर बसली तर ती मिळून एकच उंच भिंत होते. पाऊण मीटरच्या दोन असतील तर मध्ये निदान दीड मीटर सोडा, जास्त असेल तर उत्तमच. आणि वरच्या पायरीचं पाणी खालच्या भिंतीमागे सोडायचं नाही.

ओल्डगोवा_वाटेवर

मध्येच विचारते, गिलावा वाईट म्हणताय, मग जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेचं, त्या जुन्या चर्चचं काय? तिचा गिलावा १९५० च्या दशकात काढला आणि तेव्हापासून चिरा पावसाने झिजतोय, पुन्हा गिलावा करा अशी मागणी होते. मग चिऱ्याला गिलावा हवा की नको?

सिव्हिल_डिचोली

चांगला प्रश्न. तिथला गिलावा चुन्याचा होता. चुना पावसाचा मार अडवतो आणि आतली ओल हळूहळू बाहेरही जाऊ देतो. शिवाय ती इमारतीची भिंत, पाणी येतं ते बाहेरून. परसाच्या भिंतीला पाणी पाठीमागून येतं आणि सिमेंटचा गिलावा त्याची बाहेरची वाट बंद करतो. परसाच्या भिंतीत मुख्य काम पाईप आणि खडीचंच, गिलावा टाळायचा तो त्यासाठी की ओल चिऱ्यातच अडकते, मग पोपडे निघतात. दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरा, वर पाणी मुरू नये म्हणून कोपिंग, म्हणजे भिंतीच्या माथ्यावर झाकणासारखा थर, करा, बाकी चिरा उघडा राहू दे. दिसतोही सुंदर.

चिरा निवडताना वास, रंग काही बघू नका. दोन चिरे एकमेकांवर आपटून आवाज ऐका, खणखणीत हवा. पांढऱ्या मऊ मातीचे खळगे असलेले बाजूला काढा. खाणीतून ताजा निघालेला चिरा मऊ असतो, हवेवर कडक होतो, म्हणून आत्ताच आणून काही आठवडे रचून ठेवलात तर नोव्हेंबरपर्यंत तयार. लॅटेराइट हे इंग्रजी नाव फ्रान्सिस बुकाननने मलबारात ह्या दगडावरून १८०७ मध्ये दिलं, लॅटिनमध्ये लेटर म्हणजे वीट, विटेसारखा कापून वापरतात म्हणून. पडलेल्या गडग्याचे जुने चिरे फेकू नका, साठ वर्षं हवा खाल्लेले आहेत, जे धड आहेत ते पुढच्या थरात वापरा. बांधायच्या आधी प्रत्येक चिरा भिजवायचा, कोरडा चिरा मालातलं पाणी शोषतो आणि सांधा भुगा होतो. माल १ ला ६, म्हणजे एक भाग सिमेंट आणि सहा भाग रेती, कालवला की तासाभरात संपवायचा, संध्याकाळी उरलेल्यात पाणी घालून पुन्हा वापरताना दिसले तर तिथेच थांबवा. आणि निदान आठवडाभर भिंतीवर पाणी मारायचं, हे काम बहुतेक घरच्यांनाच करावं लागतं.

वाडीतला_दप्तरी

कागदपत्रांचं कुणी बोललं नाही म्हणून. आधी एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा कागद) आणि सर्व्हे प्लान काढा. गडगा होता तीच हद्द असं धरून चालू नका, जुने गडगे बऱ्याचदा हद्दीवर नसतात, कधी आत असतात कधी बाहेर. शंका असेल तर मोजणी करून घ्या आणि काकींना त्या दिवशी हजर ठेवा. मग पंचायतीत अर्ज. पंचायत राज कायदा १९९४, कलम ६६, बांधकामाला परवाना लागतो, भिंत आहे म्हणून सूट नाही. उतार कापायचा किंवा सखल जागा भरायची झाली तर नगरनियोजन कायद्याचं कलम १७-अ आहे, त्याची विचारणा आधी करा, जेसीबी आल्यावर नको.

उंचीचं, २०१० च्या बांधकाम नियमांप्रमाणे रस्त्याच्या बाजूची कुंपणभिंत जास्तीत जास्त दीड मीटर, त्यातही ९० सेंटिमीटरपर्यंतच बंद आणि वर जाळीसारखी उघडी. बाजूची आणि मागची १.८ मीटरपर्यंत बंद चालते. तुमची मागची आहे. पण वर आणखी कंपाऊंड चढवणार असाल तर अर्जाबरोबरच्या नकाशात तेही दाखवा आणि त्याचं वजनही इंजिनीअरला सांगा. परसातून कुणाची जुनी पायवाट जात असेल, मुंडकाराची (दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेल्याची) किंवा वाड्यावरच्यांची, तर ती भिंतीत बंद करू नका, तिथे पायऱ्या सोडा.

काँट्रॅक्टर म्हणेल परवान्याचं मी बघतो. बघू दे, पण अर्जावर नाव तुमचंच असतं, पोचपावती तुमच्याकडे ठेवा.

केप्याची_वहिनी

आणि बोरीबाब, ते म्हातारे मेस्त. सगळ्यांच्या आधी त्यांनीच पागोळ्यांचं पाणी विचारलं. त्यांना फोन करा. कागद तुम्ही इंजिनीअरकडून करून घ्या, हात त्यांचे. मात्र त्यांनी आधी बांधलेल्या दोन भिंती पावसात जाऊन बघून या, नवीन नको, चार-पाच पावसाळे खाल्लेल्या. ज्यांच्या घरी बांधल्या त्या बाईमाणसाला विचारा, वेळेवर यायचे का, अर्धवट टाकून गेले का.

बोरीचं_परस

मंडळी, आठवड्याने येतोय.

मेस्तांना फोन केला. रविवारी आले, नेमका जोराचा पाऊस होता, मी म्हटलं थांबा जरा, तर म्हणाले पावसातच बघायचंय. छत्री घेऊन अर्धा तास परसात. वरच्या बागेतून एक धार येते आणि भिरंडीच्या मुळाशी जिरते ते मला चाळीस वर्षांत कधी दिसलं नव्हतं, त्यांनी बोटाने दाखवलं. भिंत पडली ती बरोबर त्याच्या खाली. त्यांनी बांधलेल्या दोन भिंती बघून आलो, एक शिरोड्याला, सात वर्षांची, पाईपांतून स्वच्छ पाणी येत होतं, माती नाही. घरच्या बाईंनी सांगितलं की गौरी-गणपतीला सुट्टी घेतली ती आधी सांगून घेतली.

फोंड्यातले एक इंजिनीअर येऊन गेले. जागा मोजल्यावर दोन पायऱ्या बसतात असं निघालं, मध्ये पावणेदोन मीटर. धार वरच वळवून बाजूच्या व्हाळाला न्यायची. मेस्तांनी मजुरी घनमीटरवर लिहून दिली, शेवटचे दहा टक्के पावसाळ्यानंतर याला लगेच हो म्हणाले. ९५ हजारवाल्याला तळाची जाडी विचारली, म्हणाला नऊ इंच. आभार मानून फोन ठेवला.

काकींकडे आईला घेऊन गेलो. गिलाव्याचंही सांगितलं, लपवलं नाही. काकी म्हणाल्या तुमचं पाणी आमच्याकडे येतं ते मला लग्न होऊन आले तेव्हापासून माहीत आहे, गटार काढा पण त्यावर झाकण घाला, पोराचा पाय जाईल. इंजिनीअरला सांगितलं, झाकण कागदावर आलं.

आता आईचा प्रश्न आहे आणि तो मला सुटत नाही. खालची पायरी जिथे येते तिथेच उरलेली हळद उभी आहे. काम नोव्हेंबरच्या मध्याला सुरू होईल, हळद तेव्हा तयार नसणार. उपटून टाकायची का?

पेडण्याचा_गडगा

उपटू नका. हळद जानेवारीनंतर पानं पिवळी पडून वाळली की काढतात, नोव्हेंबरात तिचे जमिनीतले कांदे कोवळे असतात. चर खणायच्या आठ दिवस आधी, संध्याकाळच्या वेळी, फावड्याने एक-एक गड्डा मातीच्या ढेकळासकट उचला, मुळं हलवू नका, आणि सिमेंटच्या रिकाम्या गोणीत, नीट धुवून, तळाला चार भोकं पाडून बसवा. पानं निम्मी कापून टाका म्हणजे झाड पाणी कमी मागेल. माडाच्या सावलीत ठेवा, रोज थोडं पाणी. सगळे जगणार नाहीत पण बियाण्यापुरते नक्की जगतील. मधला पट्टा भरून झाला की मे अखेरीस तेच कांदे तिथे लावा.

बोरीचं_परस

आईला वाचून दाखवलं. गोणी आत्ताच धुवून वाळत घातल्यात.